पांढरी सकाळी, गुलाबी दुपारी

माळ्यावरून बॅग काढताना माणसाच्या पाठीत एक आवाज होतो. ‘कट्’ असा. आवाज काही फार मोठा नसतो. शेजारच्या खोलीत इस्त्री करणाऱ्या बायकोला तो ऐकूही जात नाही. पण ज्याच्या पाठीत तो होतो त्याला आपलं वय, आपलं वजन आणि आपला गाढवपणा या तिन्ही गोष्टी एका क्षणात कळून येतात. मी स्टुलावर उभा होतो, दोन्ही हात वर होते, हातांत बॅग होती. आता खाली उतरावं की उरलेलं आयुष्य इथेच काढावं, याचा मी बराच वेळ विचार केला.

"सापडली का हो?" आतून आवाज आला.

"सापडली," मी म्हणालो. तो आवाज माझा नव्हता, पण इस्त्रीच्या फुसफुसण्यात खपून गेला.

मी बोंब का मारली नाही ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही मला मूर्ख म्हणाल. (म्हणालच, पण निदान कारण समजून म्हणा.) आमची ही एका मोठ्या ग्रंथालयात जुने कागद दुरुस्त करते. वाळवीने खाल्लेलं पान, ओल येऊन चिकटलेली वही, घडीवर फाटलेला नकाशा, काहीही तिच्या टेबलावर आणून ठेवा. ती पातळ खळ, ब्रश आणि चिमटा घेऊन बसते आणि महिन्याभरात त्याला पुन्हा माणसात आणते. या कामाचं, त्यातही जुने नकाशे जोडण्याचं, आठ आठवड्यांचं एक प्रशिक्षण दुसऱ्या शहरात असतं. सगळ्या देशातून बारा जण घेतात. हिची निवड याआधी दोनदा झाली होती. पहिल्यांदा माझी आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्यांदा मुलीला ऐन परीक्षेत कावीळ झाली. दोन्ही वेळा हिने भरलेली बॅग स्वतःच्या हाताने रिकामी केली, एक अक्षर बोलली नाही, आणि मी ती बॅग उचलून माळ्यावर टाकली. आता ही तिसरी वेळ होती आणि शेवटचीही, कारण त्या प्रशिक्षणाला वयाची अट बावन्नची आणि ही येत्या हिवाळ्यात बावन्न पुरी करणार.

निघायला तीन आठवडे होते. आई आता राहिली नाही, मुलगी परगावी नोकरीला लागून आपल्या पायावर उभी आहे. म्हणजे आजारी पडून घोटाळा करू शकेल असा घरात एकच माणूस उरला होता, आणि तो स्टुलावर उभा होता. मी तिथल्या तिथे ठरवलं, जीव गेला तरी बेहत्तर, पण माझी पाठ दुखते आहे हे हिला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवसापासून मी अभिनयाला लागलो. वाकता येत नव्हतं म्हणून चपला पायाच्या बोटांनी उचलायला शिकलो. बूट खुर्चीवर ठेवले, पुसायचे आहेत म्हणून. मोजे मात्र काही केल्या जमेनात, तेव्हा पलंगावर आडवा पडून, पाय छताकडे करून, मी ते वरून सोडायचा प्रयत्न करत होतो. तेवढ्यात ही खोलीत आली.

"हे काय चाललंय?"

"व्यायाम," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि टॉवेल घेऊन गेली. मला माझं कौतुक वाटलं. शाळेत असताना नाटकात मला झाडाचं काम देत असत, ते किती चुकीचं होतं!

प्रश्न होता औषधाचा. कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, पण त्या दुकानातल्या बाई आणि आमची ही एका बाकावर बसून शिकलेल्या. मी तिथून खोकल्याची गोळी घेतली तरी मी घरी पोचायच्या आत गरम पाणी तयार असतं. तेव्हा तो मार्ग बंद. मी कठड्याला धरून, एकेक पायरी मनात मोजत, ऑफिसला निघालो.

जिन्यात हेडमास्तर भेटले. ते तळमजल्यावर राहतात. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी समोर येणाऱ्या प्रत्येकाकडे हा उशिरा आलाय अशा नजरेने बघतात.

"कंबर?" ते खणखणीत आवाजात म्हणाले.

"पाठ. हळू बोला हो, ती घरात आहे."

त्यांनी मला हाताला धरून घरात नेलं आणि बिस्किटांचा एक जुना डबा उघडला. इथे या डब्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या सबंध इमारतीत उरलेली गोळी फेकायची पद्धत नाही. डॉक्टर पंधरा गोळ्या लिहून देतो, दुखणं नवव्या दिवशी पळतं, सहा उरतात. त्या सहा डब्यात जातात आणि कुणी गरजू माणूस मिळतो का याची वाट बघतात. असे डबे घरोघर आहेत. आणि गरजू सापडला की डब्याच्या मालकाला जो आनंद होतो तो मुलाचा पहिला नंबर आला तरी होत नसेल.

"गुडघ्यासाठी दिल्या होत्या," हेडमास्तर पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट माझ्या खिशात कोंबत म्हणाले. "अप्रतिम गोळी आहे. रोज सकाळी एक. आणि मला येऊन सांगायचं, घेतली म्हणून."

गुपित ठेवायचा शब्द त्यांनी दिला आणि पाळलाही. पण त्यांच्या कुजबुजीला चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय. ती पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी दारात उभं राहून ऐकली. संध्याकाळी मी परत येतो तो मावशी जिन्यात वाट अडवून उभ्या.

"भावजी, पांढरी घेताय म्हणे? कशाला ती? फार कडक असते. ही घ्या, गुलाबी. माझी मान धरली होती ना, तेव्हाची. दोन दिवसांत मान मोकळी!"

"मावशी, हिला मात्र..."

"माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही," मावशी म्हणाल्या. त्यांच्या तोंडात चार टाचण्या होत्या, त्यामुळे मी विश्वास ठेवला.

तिसऱ्या मजल्यावर फुटबॉलचा कोच राहतो. मावशींनी टाचण्या काढल्या असाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी तो पिवळ्या गोळ्या घेऊन माझ्या ऑफिसातच हजर झाला. "काका, त्या दोन्ही म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या आहेत," तो म्हणाला. "ही खेळाडूंची. पायाला लागलं तरी माझी पोरं ही घेऊन पुढचा सामना खेळतात."

आता मी पेशाने कोण आहे ते सांगतो. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासणं, मापं पडताळणं आणि बरोबर असतील तर शिक्का मारणं हे माझं काम. सत्तावीस वर्षांत मी कुणाला पाच ग्रॅमची सूट दिलेली नाही. असा काटेकोर माणूस या तीन गोळ्यांपुढे बसला आणि त्याने काटेकोरपणेच विचार केला. एकच औषध रोज तीन वेळा घेतलं तर त्याचा भार शरीरावर पडेल. पण तीन वेगवेगळी औषधं रोज एकेकदा घेतली तर? भार विभागला जाईल! शिवाय हेडमास्तर, मावशी आणि कोच यांच्यापैकी कुणाचंच मन दुखावणार नाही. हा विचार मला इतका शास्त्रीय वाटला की मी त्याचा तक्ता केला. पांढरी सकाळी, गुलाबी दुपारी, पिवळी संध्याकाळी. तक्ता ऑफिसच्या खणात शिक्क्यांखाली ठेवला. गोळ्या संपत आल्या की त्या त्या डब्यातून आणखी मिळत.

ही अंघोळीला गेली की मी पांढरी घ्यायचो, चहाच्याही आधी, रिकाम्या पोटी, कारण नंतर संधी मिळत नसे. गुलाबी दुपारी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाताना, बिनदुधाच्या कडक चहाबरोबर. पिवळी संध्याकाळी जिन्यात. जिन्यात पाण्याचा पेला घेऊन कसं जाणार? कोरडीच गिळायचो. घशाखाली ती कुठेतरी अडकायची, मग मी दोन पायऱ्या उड्या मारून ती खाली पाडायचो.

चौथ्या दिवशी पाठ दुखायची थांबली. शहाण्या माणसाने गोळ्याही थांबवल्या असत्या. पण बॅग होती ना! पंधरा वर्षं माळ्यावर राहून तिचं एक चाक निखळलं होतं आणि चेन अर्ध्यावर येऊन बसत होती. या चाकाला पंधरा वर्षांची हमी आहे, आणि ती संपायला अजून अकरा दिवस आहेत, हे मी कार्ड बघून शोधून काढलं आणि मला स्फुरण चढलं. बॅग घेऊन मी दुकानात गेलो. तिथल्या माणसाने सांगितलं की हमीची खिडकी दुसऱ्या इमारतीत आहे. दुसऱ्या इमारतीतली बाई म्हणाली की चाक हमीत बसतं, पण निखळलेलं चाक सोबत आणायला हवं. चाक माळ्यावरच राहिलं होतं. मी पुन्हा स्टुलावर चढलो. चाक घेऊन गेलो तेव्हा ती बाई म्हणाली की चेनचा अर्ज वेगळा आणि तो पहिल्या इमारतीत. शेवटी आमच्या गल्लीतल्या चांभाराने ती दोन्ही कामं बसल्या जागी, मला अक्कल शिकवत शिकवत, अर्ध्या तासात करून दिली. पण तोवर बॅगेने माझी पाठ पुन्हा धरली होती. म्हणून तक्ता चालू ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात पोट बोलायला लागलं. बरगड्यांच्या बरोबर खाली, मधोमध, कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं. जेवलो की जरा शांत, दोन तासांनी पुन्हा सुरू. पाठीचं दुखणं लपवता लपवता मी पोटाचंही लपवायला लागलो. आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच.

आमच्या ऑफिसात जावक टपालाचं टेबल सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे जावकवाले म्हणतात. टपालापेक्षा त्यांच्याकडून सल्ला जास्त बाहेर जातो. मला पोटावर फाईल दाबून बसलेला पाहताच ते म्हणाले, "ॲसिडिटी! सोपं आहे." आणि त्यांनी पेल्यात एक मोठी गोळी टाकली. ती फसफसून वर आली. "बुडबुडे बघा, बुडबुडे! पोट धुऊन निघतं." बुडबुडे सुंदर होते यात वाद नाही. मी रोज दोन पेले घ्यायला लागलो. निखारा काही विझेना, पण ढेकर मात्र इतकी जोरदार यायची की काहीतरी घडतं आहे असं समाधान वाटायचं.

मग थकवा आला. जिना चढताना दम लागायला लागला. जावकवाल्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, "रक्त कमी झालंय," म्हणाले, आणि त्यांच्या बहिणीचं उरलेलं लोहाचं टॉनिक आणून दिलं. यापुढे जे घडलं ते सभ्य माणसाने लिहू नये. एवढंच सांगतो की सकाळी संडासात मला नव्याने केलेल्या डांबरी रस्त्याची आठवण झाली. घाबरून मी जावकवाल्यांच्या कानात सांगितलं.

"लोहाचा गुण!" त्यांनी माझी पाठ थोपटली. नेमकी दुखरी बाजू. "टॉनिक लागू पडलं म्हणायचं."

मला हायसं वाटलं. माणसाला हायसं वाटायला किती थोडं लागतं!

घरी आमची ही तयारीत बुडाली होती. चिमट्यांना तेल लावून ते फडक्यात गुंडाळत होती, ब्रश धुऊन वाळवत होती. संध्याकाळी ती त्या प्रशिक्षणाबद्दल बोलायची. तिथे म्हणे भिंतीएवढं एक टेबल आहे, त्यावर दोनशे वर्षांचा नकाशा पसरून सहा जण एकदम काम करतात. बोलताना तिचा चेहरा असा व्हायचा की मी पोटातला निखारा विसरून बघत बसायचो. मी अर्धं ताट तसंच ठेवून उठलो तर ती क्षणभर माझ्याकडे बघायची, काहीतरी बोलणार असं वाटायचं, आणि मग ती ताट उचलून आत जायची. एकदा तिने न मागता दूध-केळं आणून समोर ठेवलं. मी मनात म्हणायचो, गड्या, जमतंय तुला. आणखी थोडे दिवस.

निघायला चार दिवस राहिले असताना, गुरुवारी, मी बटाट्याच्या एका गोदामात काटा तपासायला गेलो. जमिनीलगत लोखंडी पाटा असतो आणि पोती त्यावर ठेवतात, तो मोठा काटा. मी वाकून आकडा बघायला गेलो आणि समोरचे बटाटे आधी हिरवे आणि मग काळे झाले.

डोळे उघडले तेव्हा मी त्या पाट्यावर आडवा होतो आणि गोदामवाला माझ्यावर वाकून आकडा वाचत होता. "बहात्तर किलो चारशे," तो म्हणाला. "साहेब, बरोबर दाखवतोय ना?"

माझं वजन शहात्तर. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. मी तशा अवस्थेतही म्हणालो, "साडेतीन किलोहून जास्त फरक आहे. शिक्का मिळणार नाही." काट्यात खोट नव्हती, मीच कमी झालो होतो, हे पुढे सिद्ध झालं आणि त्या गोदामवाल्याची मला लेखी माफी मागावी लागली. पण तो देवमाणूस. त्याने मला बटाट्याच्या टेम्पोत, पोत्यांच्या मधोमध टेकवून, इस्पितळात नेलं.

इस्पितळाच्या खिडकीत एक चष्मेवाला बसला होता. "तक्रार?"

"पाठ आणि पोट."

"दोन तक्रारींना दोन फॉर्म. पाठ तीन नंबर, पोट सात नंबर."

"पोट," गोदामवाल्याने माझ्या वतीने निर्णय घेतला. सात नंबरच्या फॉर्मवर एक रकाना होता: ‘रुग्णाने गेल्या महिन्यात घेतलेली औषधे व इतर पदार्थ’. मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘पांढरी, गुलाबी, पिवळी, बुडबुडे’.

सात नंबरच्या बाईंनी फॉर्म परत केला. "रंग चालत नाहीत. नावं लिहा."

नावं कुणाला माहीत होती? पाकिटं इतकी कापलेली आणि चुरगळलेली होती की मी वाचायच्या भानगडीतच पडलो नव्हतो. सत्तावीस वर्षं लोकांच्या मालावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचणारा माणूस मी, पण स्वतःच्या तोंडात जाणाऱ्या मालाकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी शौचाची चौकशी केली, मी डांबराची हकीकत सांगितली, आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. घशातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट बघायचं ठरलं. नळी आत जाताना काय वाटतं ते वर्णन करण्यासारखं नाही. एवढंच म्हणेन की माणसाची प्रतिष्ठा तोंडावाटेही जाऊ शकते.

नळी बाहेर आली तेव्हा दारात आमची ही उभी होती. कामावरून तशीच आली होती. ॲप्रन अंगावर, बोटांवर वाळलेली खळ. ती नुसती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"जठरात दोन अल्सर आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठ्यातून रक्त झिरपत होतं. ते काळं लोहाने नव्हतं झालं, काका, रक्त होतं. आता थांबलंय. अन्ननलिकेतही एक ओरखडा आहे. गोळ्या कोरड्या गिळत होता का?"

"जिन्यात," मी म्हणालो.

"हे एका जंतूमुळेही होतं, पण तुमच्या तपासणीत तो सापडला नाही. मला त्या सगळ्या गोळ्या बघायच्यात."

संध्याकाळी वॉर्डात माझ्या खाटेभोवती ओळखपरेड भरली. हेडमास्तर, मावशी, कोच आणि जावकवाले, चौघेही आपापला डबा छातीशी धरून उभे.

"मी देत होतो ती अगदी सौम्य होती," हेडमास्तर म्हणाले. "पिवळीने घात केला असणार."

"पिवळीने?" कोच म्हणाला. "गुलाबी घेऊन बघा एकदा!"

"अहो, माझी गुलाबी लहान मुलंसुद्धा..." मावशींनी सुरुवात केली.

डॉक्टरीणबाईंनी चारही पाकिटं खिडकीपाशी नेऊन वाचली. "पांढरी, गुलाबी आणि पिवळी," त्या म्हणाल्या, "एकच औषध आहे."

चौघांनीही आपापल्या डब्यात डोकावून पाहिलं.

"कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे. आत औषध तेच. यांना वाटलं तीन औषधं एकेकदा घेतोय. यांनी एकच औषध तीनदा घेतलं, रोज, अडीच आठवडे, तेही रिकाम्या पोटी. ही गोळी दुखणं थांबवते, पण पोटाच्या अस्तराला जपणारं जे काही असतं तेही थांबवते. मग पोटातलं ॲसिड पोटालाच खातं."

"आणि माझे बुडबुडे?" जावकवाल्यांनी आशेने विचारलं. "ते तर पोटाचेच..."

"ती डोकेदुखीची गोळी आहे. त्याच घराण्यातली. म्हणजे चौथी."

हेडमास्तरांनी डबा पाठीमागे लपवला. दहा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा मान खाली घालून उभं राहिलेलं पाहिलं. मावशी रडायला लागल्या. कोच म्हणाला, "काका, मी रोज पोरांना देतो हो ही," आणि मोबाइल घेऊन बाहेर धावला. मला त्या चौघांची फार दया आली. एकानेही वाईट मनाने दिलं नव्हतं. चौघांनीही घरातलं जपून ठेवलेलं मला दिलं होतं.

शनिवारी मला घरी सोडलं. अल्सरचं औषध रोज न्याहारीआधी एक, आठ आठवडे. दुखऱ्या पाठीला शेक आणि साधीच गोळी, तीही विचारून. पुन्हा काळं दिसलं किंवा चक्कर आली तर तडक इस्पितळ. मुलगी फोनवर दहा मिनिटं ओरडली आणि म्हणाली, रविवारी रात्रीच्या गाडीत बसते, पहिले दहा दिवस मी तिथेच राहते. इमारतीतले सगळे डबे हेडमास्तरांनी दारोदार फिरून गोळा केले आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंकडे नष्ट करायला दिले. बाईंनी ते घेतले आणि म्हणे पंधरा मिनिटं सबंध इमारतीला उभं करून बोलल्या.

रविवारी सकाळी मी उशीला टेकून बसलो होतो. समोर जमिनीवर बॅग उघडी होती आणि ही तिच्यातून कपडे काढत होती. एकेक काढायची, झटकायची, घडी सारखी करून पलंगावर ठेवायची. आधीच्या दोन्ही वेळांसारखी. तोंडातून एक अक्षर नाही.

"हे काय करतेस?"

"कळवते त्यांना. येत नाही म्हणून."

माझा धीर सुटला. "अगं, मी तीन आठवडे हे सगळं कशासाठी केलं? तुला कळू नये म्हणून जिन्यात गोळ्या गिळल्या, पाय वर करून मोजे घातले..."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पाठीचं. पहिल्या दिवसापासून." ती अजून बॅगेतच बघत होती. "स्टुलावरून उतरायला तुम्हाला पाऊण तास लागला. मी इस्त्री करत होते, झोपले नव्हते. आणि व्यायाम! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कधी केलात व्यायाम? कडक चहाचा वास यायचा, जेवण जात नव्हतं, तोंड पांढरं पडत चाललं होतं. सगळं दिसत होतं."

खरं सांगतो, आधी मला अपमानच वाटला. तीन आठवडे मी जीव तोडून अभिनय केला आणि प्रेक्षकाला पहिल्याच प्रवेशात सगळं कळलं होतं. "मग विचारलं का नाहीस?" मी म्हणालो, जरा घुश्शातच.

तिने हातातली साडी मांडीवर ठेवली. "विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, समोरून विचारलं की तुम्ही सांगून टाकता. आणि सांगितलं असतंत तर मला राहावं लागलं असतं." तिने साडीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मला जायचं होतं हो. इतकं जायचं होतं. रोज सकाळी ठरवायचे, आज विचारते. आणि रोज म्हणायचे, उद्या. तिकडे तुमच्या पोटात रक्त येत होतं आणि मी इथे चिमट्यांना तेल लावत बसले होते. असली कसली बाई मी!"

आणि ती रडली. माझी आई गेली तेव्हा ती असं रडली होती, त्यानंतर आज.

मी तिच्याकडे बघत बसलो. माझ्या आईसाठी ती राहिली, मुलीसाठी राहिली, दोन्ही वेळा तोंड वाकडं केलं नाही. त्या बाईला आयुष्यात एक गोष्ट इतकी हवी होती की तिने तीन आठवडे माझ्याकडे डोळेझाक केली. मला राग यायला हवा होता. पण मला तिच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षांत तिने माझ्याकडे स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नव्हतं, आणि याही वेळी मागितलं नव्हतंच, नुसतं गप्प राहून बघितलं होतं की मिळतंय का.

"आता विचार," मी म्हणालो.

"काय?"

"जे तीन आठवडे विचारलं नाहीस ते. नीट, माझ्याकडे बघून विचार. मी खरं सांगतो."

तिने पदराने डोळे पुसले. उठून पलंगावर माझ्याजवळ येऊन बसली.

"दुखतंय?"

"दुखतंय."

"पाठ की पोट?"

"दोन्ही."

"खूप?"

"कालच्यापेक्षा कमी. पण दुखतंय."

तिने माझ्या पांघरुणाचं टोक सारखं केलं. खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल गेली. मग अगदी लहान आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच असल्यासारखं, तिने विचारलं, "मी जाऊ?"

"जा," मी म्हणालो.

सोमवारी सकाळच्या गाडीने ती गेली. ते आठ आठवडे मला अजिबात करमलं नाही, आणि रोज संध्याकाळी फोनवर मी तिला तसं खरं खरं सांगत असे. "मलाही नाही करमत," ती म्हणायची, आणि लगेच, श्वासही न घेता, त्या दिवशी नकाशातली कोणती नदी जोडून झाली ते सांगायला लागायची.